जुनी, भरपूर पळालेली लक्झरी एसयूव्ही: दुरुस्ती, खर्च आणि भरवसा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-पंधरा वर्षं जुनी, दीड-दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली मोठी गाडी घेऊ पाहणारे आणि ती आधीच दारात उभी असलेले, असे दोघेही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. रकमा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या जागोजागी वेगळ्या असतात. कामाचं स्वरूप मात्र सगळीकडे तेच असतं.

१. नेमके किती किलोमीटर झाले म्हणजे गाडी "जास्त चाललेली" धरायची?

ठाम रेषा नाही. साधारण दीड ते दोन लाखांच्या दरम्यान रबर, प्लास्टिक आणि सील यांचं पहिलं आयुष्य संपतं आणि कामं एकामागोमाग निघू लागतात. पण नुसता आकडा फसवा आहे. दोन लाख किलोमीटर ताशी २५ च्या सरासरीने झाले असतील तर इंजिन ८,००० तास चाललंय. ताशी ७० ने झाले असतील तर जेमतेम २,८५७ तास. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. काही गाड्यांत इंजिनाचे तास स्कॅनरवर (गाडीच्या कंट्रोल युनिटांतली माहिती वाचणारं यंत्र) वाचता येतात, तेवढं जरूर बघा. शिवाय रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, त्यामुळे बारा वर्षांची पण कमी चाललेली गाडी म्हणजे तरुण गाडी नव्हे. याचा पुढचा भाग प्रश्न १४ मध्ये आहे.

२. गाडी इतकी स्वस्त मिळते, मग दुरुस्ती एवढी महाग का?

कारण किंमत गाडीची उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. ती नवी असताना ज्या वर्गातली होती, त्याच वर्गाच्या दराने तिचा कंप्रेसर, हेडलाइट आणि कंट्रोल युनिट आजही विकलं जातं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. त्यात वजन दोन-सव्वादोन टनांच्या पुढे, म्हणून ब्रेक डिस्क, बुश, लोअर आर्म आणि टायर साध्या गाडीपेक्षा लवकर झिजतात आणि आकाराने मोठे असल्याने महागही असतात. मजुरीचा भाग वेगळा. तो प्रश्न ६ मध्ये सविस्तर आहे.

३. वर्षाला किती खर्च धरून चालावं?

सरासरी काढत बसू नका, या गाड्या सरासरीने खर्च करत नाहीत. आठ महिने काही नाही आणि मग एकदम मोठं बिल, अशी त्यांची चाल असते. आमची पद्धत अशी: ज्या मॉडेलचा विचार आहे त्यातली तीन सर्वांत मोठी, सर्वज्ञात कामं शोधा. बहुधा ती गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) आणि टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) यांपैकी असतात. तिन्हींचे दर दोन गॅरेजमधून लेखी घ्या. त्यातलं सर्वांत महागडं काम करण्याइतकी रक्कम गाडी घेतल्यानंतरही हातात उरत असेल, तरच व्यवहार करा. उरत नसेल तर गाडी परवडत नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो.

पहिलं वर्ष बहुतेक वेळा सर्वांत खर्चिक जातं. आधीच्या मालकाने वर्ष-दोन वर्षं ढकललेली कामं त्या वर्षी तुमच्या वाट्याला येतात. विकायचीच आहे म्हटल्यावर कोण बुश बदलतो?

४. कोणत्या कंपनीची गाडी सर्वांत टिकाऊ?

एकच नाव हवं असेल तर लेक्सस. जीएक्स ४७० आणि एलएक्स ४७० या टोयोटाच्या लँड क्रूझर घराण्याच्या चॅसिसवर उभ्या आहेत. त्यांचं ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन ठरलेल्या वेळी टायमिंग बेल्ट बदलत गेलात तर फार काळ साथ देतं. त्या बेल्टची मुदत साधारण १,४४,००० किमी आहे. पण त्याही निर्दोष नाहीत. एलएक्स ४७० चं हायड्रॉलिक सस्पेन्शन म्हातारपणी स्वतंत्र खर्च मागतं.

बाकी युरोपियन गाड्यांत कंपनी विचारण्याला फारसा अर्थ नाही. इंजिन कोणतं आणि कोणत्या वर्षाचं, हे विचारा. एकाच मॉडेलमधलं एक इंजिन चार लाख किलोमीटर चालतं आणि दुसरं दीड लाखात खोलावं लागतं.

५. मग कोणत्या इंजिनात काय बघायचं?

ज्यांच्याबद्दल सर्वाधिक विचारणा होते तेवढंच सांगतो.

मर्सिडीज एमएल आणि जीएलमधलं ओएम६४२ हे ३ लिटरचं व्ही-६ डिझेल मुळात दणकट आहे. त्याची दुखरी जागा म्हणजे ऑइल कूलरचे सील. ते प्रश्न ६ मध्ये. पेट्रोलमध्ये एम२७२ च्या सुरुवातीच्या काही इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं आणि एम२७३ मध्ये आयडलर गिअरचं दात झिजण्याचं दुखणं होतं. इंजिन नंबरवरून ते त्या खेपेतलं आहे का हे कळतं.

बीएमडब्ल्यू एक्स५ मध्ये एन६२ व्ही-८ चे व्हॉल्व्ह स्टेम सील कडक होतात. गाडी सिग्नलला काही मिनिटं उभी राहून निघाली की मागून निळसर धुराचा लोट येतो, ही त्याची खूण. याच इंजिनाच्या मधोमध असलेला कूलंटचा पाइपही गळतो. त्याच्यानंतर आलेल्या एन६३ मध्ये टर्बो व्ही-च्या पोटात बसवले आहेत, त्यामुळे आजूबाजूची सील आणि होज अक्षरशः भाजून निघतात. त्याच्या चेन, इंजेक्टर आणि ऑइल पिण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीने खास दुरुस्ती मोहीम चालवली. ती मोहीम त्या गाडीवर झाल्याचा कागद नसेल तर पुढे जाऊ नका.

पोर्शे कायेनच्या पहिल्या पिढीतल्या ४.५ लिटर व्ही-८ मध्ये इनटेकखालचे कूलंट पाइप प्लास्टिकचे होते आणि ते फुटतात; ॲल्युमिनियमचे बसवलेत का ते विचारा. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडणं हा त्याहून गंभीर प्रकार आहे आणि तो बोअरस्कोपशिवाय (सिलिंडरच्या आत घालायचा बारीक कॅमेरा) दिसत नाही. प्रॉपेलर शाफ्टचं मधलं सपोर्ट बेअरिंग हे मात्र आटोपशीर काम आहे, त्याला घाबरू नका.

लँड रोव्हरच्या २.७ आणि ३ लिटर डिझेल व्ही-६ मध्ये क्रँकशाफ्ट तुटण्याचे प्रकार घडतात, तेही बऱ्याचदा काहीच चाहूल न देता. ५ लिटर पेट्रोल व्ही-८ मध्ये चेनचे गाइड आणि प्लास्टिकचे कूलंट पाइप बघायचे. ऑडी क्यू७ आणि फोक्सवॅगन टुआरेगच्या ३ लिटर टीडीआयमध्ये टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली, तर बिलाचा बराचसा भाग चेनपर्यंत पोचण्याचाच असेल.

६. पार्ट छोटासा आणि मजुरी डोळे फिरवणारी. गॅरेजवाला लुबाडतोय का?

कधी कधी लुबाडतोही, पण बहुतेक वेळा नाही. ओएम६४२ चा ऑइल कूलर हे याचं उत्तम उदाहरण. कूलर दोन सिलिंडर रांगांच्या मधल्या खोबणीत, अगदी तळाशी बसलेला आहे. त्याखाली दोन लहानसे सील. मूळचे केशरी रंगाचे, उष्णतेने कडक होणारे. सुधारित सील जांभळे आणि जास्त उष्णता सोसणारे. किंमत किरकोळ. पण तिथवर हात पोचायला एअर पाइप, टर्बो, दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड असं एकेक उतरवत जावं लागतं. म्हणजे अनुभवी माणसाचेही दोनेक दिवस जातात.

यात आणखी एक गोम आहे. गळलेलं ऑइल त्या खोबणीतून मागे सरकतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावरून खाली टपकतं. नवखा मेकॅनिक वर बघून सांगतो, "मागचं क्रँक सील गेलंय," आणि गिअरबॉक्स उतरवतो. सील नवं बसतं, बिल होतं, आणि आठवड्याने जमिनीवर पुन्हा तोच डाग. म्हणून गळती कुठून टपकते यापेक्षा कुठून सुरू होते हे दाखवायला सांगा. आधी धुऊन, रंगद्रव्य टाकून, दिव्याखाली बघितल्याशिवाय काहीही उघडू देऊ नका.

आणि एवढं उघडलंच आहे तर त्या जागेतली बाकीची कामंही त्याच मजुरीत उरका: टर्बोच्या तोंडाशी असलेलं सील, कारण तेच गळून खालची स्वर्ल मोटर (इनटेकमधल्या झडपा फिरवणारी) मारतं; ब्रीदर; ग्लो प्लग. प्रत्येकासाठी वेगळं उघडायला लावणं हीच खरी उधळपट्टी. डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्ये तर मोठ्या कामासाठी अख्खी बॉडी चॅसिसवरून उचलणं ही कित्येक गॅरेजची नेहमीची रीत आहे. तिथे कामं एकत्र करण्याला पर्यायच नाही.

७. गॅरेजने बावीस कामांची यादी दिली. सगळं एकदम करायचं का?

नाही. थांबवणारं आणि वळवणारं आधी: ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे, बॉल जॉइंट. मग इंजिन मारू शकणारं: कूलंट आणि ऑइलची गळती, चेनचा आवाज. मग गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) ऑइल. सनरूफ, सीट गरम होणं, इलेक्ट्रिक डिकी वगैरे सगळं शेवटी, किंवा कधीच नाही. यादीतली प्रत्येक "ओल" ही गळती नसते. ऑइल टपकत असेल तर काम, नुसतं माखलेलं असेल तर पुढच्या सर्व्हिसला पुन्हा बघायचं.

८. तापमानाचा काटा नेहमी मधोमध असतो, तरी कूलंट थोडं थोडं कमी होतं. चिंता करावी?

हो, आणि लगेच. बऱ्याच जर्मन गाड्यांतला तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. पाऊणशेपासून शंभरीच्या पुढेपर्यंत तो हलतच नाही. तो हलताना दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही. खरं तापमान स्कॅनरवर किंवा स्वस्तातल्या ओबीडी रीडरवर बघा. थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट करून घ्या. बाहेर थेंब दिसला नाही तर कूलंट आत जातंय का, हे टाकीवरच्या वायूच्या रासायनिक चाचणीत कळतं.

९. सकाळी गाडीचा एक कोपरा खाली बसलेला असतो. काय बदलावं?

आधी गळती शोधा, मग पार्ट. त्या कोपऱ्यातल्या बेलोवर (एअर सस्पेन्शनची रबरी हवेची पिशवी) साबणाचं पाणी मारा, रबराच्या घडीत बुडबुडे आले तर निकाल लागला. गाडी उंचीवर चढवून तपासा, कारण बसलेल्या अवस्थेत भेग घडीच्या आत लपते. एकच कोपरा बसत असेल तर बेलो किंवा त्याचा पाइप. दोन-तीन कोपरे फिरून फिरून बसत असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर (सगळ्या कोपऱ्यांना हवा वाटणारा भाग) संशय घ्या.

इथे हमखास होणारी फसगत अशी: गळकी बेलो तशीच ठेवून चालवलं की हवा भरणारा कंप्रेसर तास न् तास चालतो आणि जळतो. मग कोणी फक्त कंप्रेसर बदलतं. नवा कंप्रेसरही त्याच गळतीपायी जळतो. कंप्रेसर बदलाल तेव्हा त्याचा रिले आणि हवेतला दमटपणा शोषणारा ड्रायरही सोबत बदला. चिकटलेला रिले कंप्रेसरला थांबूच देत नाही.

१०. ती कटकटच नको. एअर काढून साध्या स्प्रिंग बसवल्या तर?

चालतं, पण नुसत्या स्प्रिंग बसवून सुटका होत नाही. सस्पेन्शनचं कंट्रोल युनिट गप्प करावं लागतं, नाहीतर डॅशबोर्डवर इशारा कायमचा. हेडलाइटची उंची सस्पेन्शनच्या सेन्सरवर अवलंबून असेल तर तीही नव्याने जुळवायची. भार टाकला की मागचा भाग बसणार. ऑफरोड उंची गेली. आमचं मत: गाडी शेवटपर्यंत स्वतःकडेच ठेवायची असेल आणि चारही बेलो एकदम आल्या असतील तर विचार करा. एकच बेलो गेली असेल तर चांगल्या कंपनीची बेलो बसवणं स्वस्तही पडतं आणि गाडी गाडीसारखी राहते.

११. गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" आहे असं सांगतात. तरी बदलायचं?

बदलायचं. यातल्या असंख्य गाड्यांत झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा सहा किंवा आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. गाडीच्या कंपन्या लाइफटाइम म्हणत असल्या तरी खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. फिल्टर बहुतेकदा प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच असतो, म्हणून पॅनसकट बदली. मेकाट्रॉनिकच्या (गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट) जोडणीचा स्लीव्ह आणि सील तिथेच असतात. सहा गिअरवाल्यात ते हमखास गळतात, त्याच वेळी बदलून घ्या. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान ठरलेल्या टप्प्यात असताना बघायची असते. सहा गिअरवाल्यात तो टप्पा ३० ते ५० अंश आहे. गॅरेजवाला तापमान न बघता भरत असेल तर तिथून निघा.

"ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" ही तक्रार आमच्याकडेही येते. बहुतेक वेळा गिअरबॉक्स आधीच घसरत होता आणि म्हणूनच ऑइल बदललं गेलं. घसरणारा गिअरबॉक्स नव्या ऑइलने बरा होत नाही. तिथे निदान आधी करा.

१२. डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा दिवे लागले. एवढं सगळं एकाच दिवशी बिघडतं का?

जवळजवळ कधीच नाही. एका चाकाचा स्पीड सेन्सर गेला तरी एबीएस, ईएसपी, फोर-व्हील ड्राइव्ह आणि हिल डिसेंट हे सगळे दिवे एकत्र लागतात. त्याहून सामान्य कारण म्हणजे थकलेली बॅटरी. म्हणून पहिली तपासणी बॅटरीची आणि अल्टरनेटरची, मग बाकीचं. बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी गाडीत नोंदवावी लागते. न नोंदवल्यास गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते.

तिसरं कारण पाणी. सनरूफचे निचरा पाइप पानांनी तुंबले की पाणी खांबांतून आत उतरतं. या गाड्यांत महत्त्वाची युनिट पायाखाली, सीटखाली नाहीतर डिकीच्या तळाशी बसवलेली असतात. गालिचा वरून कोरडा असला तरी खालचा फोम चिंब असू शकतो. हात खाली घालून दाबून बघा.

१३. दोनच टायर झिजलेत. दोनच बदलले तर?

कायम फोर-व्हील असलेल्या गाडीत टाळा. पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात फरक पडला की ट्रान्स्फर केसचा क्लच तो फरक सतत खात राहतो. बीएमडब्ल्यूच्या एक्स-ड्राइव्ह फोर-व्हील यंत्रणेत हळू वळताना किंवा हलक्या ॲक्सिलरेटरवर हिसके बसतात ते बऱ्याचदा यामुळेच. आधी टायर जुळवा आणि ट्रान्स्फर केसचं ऑइल बदला.

१४. तीन लाख चाललेली पण पूर्ण रेकॉर्डची, की ऐंशी हजार चाललेली बिनरेकॉर्डची?

पहिली. तिच्यात काय बदललंय ते कळतं, दुसरीत सगळंच अंदाजाने. अपवाद एक: रेकॉर्डमध्ये फक्त ऑइल-फिल्टरच्या नोंदी असतील आणि एकही मोठं काम नसेल, तर ती सगळी मोठी कामं तुमच्यासाठी राखून ठेवलेली आहेत.

ऐंशी हजारांचा आकडा खरा आहे का, हेही बघा. किलोमीटर अनेक गाड्यांत एकाहून जास्त युनिटांत साठवलेले असतात आणि मीटर मागे फिरवणारा सगळीकडे पोचतोच असं नाही. गुळगुळीत झालेला ब्रेक पेडल आणि ड्रायव्हर सीटची चेपलेली कड ऐंशी हजारांत होत नाही.

१५. डिझेल घ्यावी की पेट्रोल?

रोज लांब पल्ला असेल तर डिझेल. रोजचं अंतर पाच-सात किलोमीटरच असेल तर जुनी डिझेल घेऊच नका: डीपीएफची (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सफाई अर्धवट राहते, सफाईसाठी फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी चक्क वाढलेली दिसते. पेट्रोल व्ही-८ इंधन जास्त पितं, पण त्याला ही भानगड नाही. इंजिनानुसारचे दोष प्रश्न ५ मध्ये.

१६. घेण्यापूर्वी नेमकं काय तपासून घ्यावं?

इंजिन पूर्ण थंड हवं. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सस्पेन्शन सगळ्या उंचींवर चढवून उतरवून बघा, मग तासभर उभी ठेवून चारही कोपऱ्यांची उंची मोजा. स्कॅन फक्त इंजिनाचा नको, सगळ्या युनिटांचा. फॉल्ट कोड एकही नाही पण उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या "अपूर्ण" दाखवतायत, तर कोड नुकतेच पुसलेले आहेत असं धरा. लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा नाही.

१७. एवढ्या जुन्या गाडीला कंपनीकडून फुकटात काही मिळतं का?

सुरक्षेचा रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून केलेली दुरुस्ती. त्याला साधारणपणे गाडीचं वय किंवा मालक कितवा हे आड येत नाही. टाकाटा या कंपनीच्या एअरबॅगच्या रिकॉलमध्ये एक्स५ आणि मर्सिडीजच्या एमएल, जीएलच्या काही वर्षांच्या गाड्याही होत्या. त्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत जातं, म्हणजे जुन्या गाडीला धोका जास्त. चॅसिस नंबर टाकून तपासा, आजच. विकत मिळणाऱ्या वाढीव वॉरंटीत मात्र "झीज" या शब्दाखाली काय काय वगळलंय ते आधी वाचा. बेलो आणि सील बहुधा त्यातच असतात.

१८. बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर आलं. दुरुस्त करू की विकू?

बिलाची तुलना गाडीच्या आजच्या किमतीशी करू नका. दुसरी गाडी घेतलीत तर पहिल्या वर्षात तिची जी किंमत उतरेल, तिच्याशी करा. बाकी गाडी माहितीतली असेल आणि मोठी कामं होऊन गेली असतील, तर दुरुस्तीच बहुधा स्वस्त पडते.

चार ठिकाणी मात्र थांबा: तुटलेला क्रँकशाफ्ट, ओरखडलेले सिलिंडर, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी, आणि चॅसिसच्या मुख्य पट्ट्यांना लागलेला गंज. तिथे पहिलं बिल शेवटचं नसतं. आणि घरात ही एकच गाडी असेल तर निर्णय विकण्याकडे झुकवा. पार्ट यायला दोन आठवडे लागले की त्या काळातला प्रवासखर्चही याच गाडीच्या नावावर पडतो.

१९. वर्षभर उभी होती. आता सुरू करायची तर?

किल्ली लगेच फिरवू नका. बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करा किंवा बदला. कमी व्होल्टेजवर सुरू केलीत तर प्रश्न १२ मधले सगळे दिवे लागतील. ऑइल आणि फिल्टर आधी बदला, कूलंटची पातळी बघा, उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का ते बॉनेट उघडून तपासा. सस्पेन्शन पूर्ण बसलेलं असेल तर गाडीखाली कुणी जाऊ नये आणि ती स्वतः उंचीवर येईपर्यंत हलवू नये. ब्रेक डिस्कवरचा गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघतो. टायर एका जागी चपटे झाले असतील तर थरथर जाणवेल. वीस-तीस किलोमीटरनंतरही ती राहिली, तर टायर बदलावे लागतील, चारही.